आइसलँडच्या पोटातून: पिकअप कॅम्पर, सासूबाई आणि न ओलांडलेली नदी

गोधडी

मागे 'युरोपात कॅम्पर व्हॅन' धाग्यावर मी "आम्ही आइसलँडला मधून गेलो" असं एक वाक्य टाकलं आणि त्यावर सहा व्यनि (व्यक्तिगत निरोप) आले. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा हा धागा काढते.

आम्ही जर्मनीत राहतो. मी, नवरा, अकरा वर्षांचे चिरंजीव आणि तीन महिन्यांसाठी वाईहून आलेल्या सासूबाई, वय 68. गाडी आमचीच, जुनी डबल कॅब पिकअप, फोर व्हील ड्राइव्ह. मागच्या हौद्यावर छत वर उचलणारी केबिन बसवलेली आहे. छत उचललं की वरच्या गादीवर दोघं आणि खाली टेबल मोडून दोघं. 'मावतात' म्हणणं धाडसाचं, पण झोप लागते.

डेन्मार्कच्या उत्तर टोकाला हिर्ट्सहाल्स नावाचं बंदर आहे. तिथून गाडीसकट जहाजावर चढायचं, वाटेत फेरो बेटांवर थांबा, आणि दोन रात्रींनी आइसलँडच्या पूर्व किनाऱ्यावर सेइदिसफ्योर्दुर या गावात उतरायचं. प्रवासात गाडीत झोपता येत नाही, गाड्यांचा मजला बंद करतात, त्यामुळे केबिनचे पैसे धरावेच लागतात. एक गोष्ट कोणी सांगत नाही: फेरो बेटं शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या गटात, येत नाहीत. आईंच्या व्हिसावर तसा वेगळा उल्लेख नव्हता, म्हणून तिथल्या टोर्सहावन बंदरात आम्ही त्यांना घेऊन उतरलो नाही. त्यांनी डेकवरूनच गवताच्या छपरांची घरं पाहिली आणि "आपल्याकडं पावसाळ्यात कौलांवर उगवतं तसंच की" म्हणाल्या.

आइसलँडला जाणारे बहुतेक जण बेटाभोवतीच्या 1 नंबरच्या रस्त्याने गोल फिरतात, तो 1322 किलोमीटरचा आहे. तो सुंदरच आहे, वाद नाही. पण बेटाचं पोट म्हणजे उंचावरचा ओसाड मुलूख: राख, लाव्हा, हिमनद्या, आणि मैलोन्‌मैल एकही घर नाही. आम्हाला तिथं जायचं होतं. पुढचं रात्री लिहिते, कुकर लावलाय.

चकलीभाजणी

वाखुसा (वाचनखूण साठवली)! सासूबाईंना घेऊन ज्वालामुखीत गेलीस, तुला साष्टांग दंडवत. फोटो कुठेत?

निवांतराव

पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत). एक शंका. साधी भाड्याची कॅम्पर व्हॅन घेऊन आत जाता येत नाही का? आम्ही पुढच्या वर्षी बघतोय.

रिकामटेकडा_रेक्याविक

निवांतराव, नाही. मी इथे पाच वर्षं आहे, म्हणून मध्येच तोंड घालतो. आतल्या रस्त्यांच्या क्रमांकाआधी 'एफ' असतो. एफ म्हणजे फ्याल, डोंगर. या रस्त्यांवर फोर व्हील ड्राइव्हच हवी, हा कायदा आहे, सल्ला नव्हे. साधी व्हॅन नेलीत तर विमा गेलाच, वर दंड. आणि 'फोर व्हील' लिहिलेली प्रत्येक गाडी चालेल असंही नाही. काही रस्त्यांना गाडी जमिनीपासून चांगली उंच लागते, कारण नद्यांवर पूल नाहीत.

हे रस्ते वर्षभर उघडे नसतात. बर्फ वितळून जमीन सुकली की रस्तेखातं एकेक उघडतं. काही जूनच्या मध्यावर, काही जुलै उजाडल्यावर. सप्टेंबर लागला की पुन्हा मिटायला सुरुवात. त्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीत येऊन "आम्हाला आत जायचंय" म्हणणाऱ्या पाहुण्यांना मी घरी जेवायला घालतो आणि ब्लू लगूनच्या गरम पाण्याच्या कुंडाला सोडतो.

चार पाट्या पाठ करून या: 'आइनब्रेइद ब्रू' म्हणजे एकेरी पूल, 'ब्लिंदहाइद' म्हणजे पलीकडचं न दिसणारा चढ, 'वाद' म्हणजे नदीचा उतार, पाण्यातून ओलांडायची जागा, आणि 'ओफाइर्त' म्हणजे जाऊ नका.

गोधडी

धन्यवाद रिकामटेकडा, माझं अर्धं काम केलंत. ('वाद' वरून आमच्या गाडीत बरेच विनोद झाले. "पुढे वाद आहे" असं नवरा गंभीरपणे म्हणायचा.)

तर पहिला टप्पा. सेइदिसफ्योर्दुरहून चढून वर आलो आणि मोद्रुदालूरला मुक्काम केला. समुद्रसपाटीपासून 469 मीटरवर, हे देशातलं सगळ्यात उंचावरचं शेतघर. उंची ऐकून आई हसल्या, वाईच त्याहून उंच आहे. पण तिथं जुलैत रात्री टोपी-स्वेटर घालून बसलो होतो.

तिथंच पहिला धडा मिळाला, आणि तो वाऱ्याचा. गाडीचं दार उघडताना एक हात दारावर, एक चौकटीवर. चिरंजीवांनी एकच हात वापरला. दार बिजागरीतून उलटं वळलं नाही एवढंच, पण त्यानंतर सबंध प्रवासभर ते बंद करताना उचलून ढकलावं लागलं. इथल्या हवामानखात्याचे आकडे मीटर प्रति सेकंदात असतात. पंधराच्या पुढे आकडा दिसला की आमच्यासारख्या उंच डोक्याच्या गाडीने निमूट थांबावं.

तिथून एफ 905 आणि पुढे एफ 910 ने आस्क्या ज्वालामुखीकडे. उत्तरेकडून एफ 88 हा दुसरा रस्ता आहे, पण त्यावर दोन खऱ्या नद्या पाण्यातून पार कराव्या लागतात. आमच्या रस्त्यावर मोठ्या नद्यांना पूल होते, पाण्यातून जायचे ते लहान ओढे. पहिल्यांदा आत जाणाऱ्याने हाच घ्यावा.

रस्ता म्हणजे पत्र्याच्या पन्हळीसारखा. ताशी तीसने गेलं तर दात वाजतात, साठने गेलं तर गाडी तरंगते आणि वळणावर घसरते. आम्ही टायरमधली हवा कमी केली, तेव्हा कुठे आईंचा चहा कपात राहिला. दिवसभर काळी वाळू, पिवळट प्युमिस (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड) आणि मधूनच लाव्ह्याचे मोडके ढीग. झाड नाही, पक्षी क्वचित. आणि मग क्षितिजावर हेर्दुब्रेइद. 1682 मीटर, कडे उभे, माथा सपाट. आइसलँडकर त्याला डोंगरांची राणी म्हणतात. आईंनी चष्मा पुसून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे तर पाचगणीचं टेबललँड!"

कातळखडा

धागाकर्तीच्या सासूबाईंना सलाम, कारण निरीक्षण पक्कं आहे, फक्त कारण वेगळं. व्यवसायाने भूशास्त्रवाला असल्यामुळे राहवत नाही.

पाचगणीचा सपाट माथा जांभ्याचा आहे. बेसॉल्ट लाखो वर्षं पाऊस-उन्हात कुजून वर जांभ्याचं कवच तयार झालं, आजूबाजूचं झिजून गेलं, कवचाखालचं टिकलं. म्हणजे तो झिजून उरलेला डोंगर आहे. हेर्दुब्रेइद उलट रचून झालेला. हिमयुगात तिथं जाडजूड बर्फ होतं आणि ज्वालामुखी त्याच्या तळाशी फुटला. वितळलेल्या पाण्यात लाव्हा पडला की तडकून भुगा होतो, त्याचा चारी बाजूंनी बर्फाच्या भिंतीत अडकलेला ढीग उभा राहिला. ढीग बर्फाच्या वर आला तेव्हा लाव्हा मोकळ्या हवेत पसरला आणि वर सपाट झाकण बसलं. नंतर बर्फ गेलं, साच्यातून काढलेल्या वडीसारखा डोंगर उरला. त्याची उंची बघून तिथं बर्फ किती जाड असेल याचा अंदाज बांधता येतो.

बाकी खडक आपलाच. सह्याद्रीचा काळा कातळ आणि आइसलँडचा काळा कातळ दोन्ही बेसॉल्ट. आपला साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा, त्यांचा अजून गरम. तिथं दोन भूपट्ट वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर वेगाने एकमेकांपासून सरकतात आणि खालून तप्त खडकाचा उमाळाही आहे. दोन्ही एकाच जागी, म्हणून समुद्राच्या तळाशी असायची गोष्ट पाण्यावर आली आहे.

पाऊसवेडी

साच्यातली वडी! कातळखडा सर, तुम्ही शाळेत का नव्हता आम्हाला?

@गोधडी, जेवणाचं काय? आणि आजींचे गुडघे? आणि (हळूच विचारते) संडास?

गोधडी

हळूच कशाला, हाच खरा प्रश्न. आत मोजक्या ठिकाणी पर्वतारोहण मंडळांच्या झोपड्या आहेत, शेजारी तंबू-गाड्यांची जागा, तिथं संडास असतो, काही ठिकाणी गरम पाण्याचा शॉवरही, वेगळे पैसे देऊन. मधल्या शंभर किलोमीटरमध्ये काही नाही, आडोसाही नाही. आमच्याकडे पेटीचा संडास होता, आणि आईंसाठी मी तो घेतल्याचं समाधान या प्रवासातल्या कुठल्याही देखाव्यापेक्षा मोठं आहे. रिकामा फक्त ठरलेल्या जागी करायचा.

जेवण: तांदूळ, मुगाची डाळ, मेतकूट, भडंग, तिखटमिठाच्या पुऱ्या. जहाजाने येताना खाण्याच्या वजनाला मर्यादा आहे आणि कच्चं मांस बंद, त्यामुळे भाजी-दूध तिथंच घेतलं. थंड नळाचं पाणी कुठेही प्यावं. गरम पाण्याला पुष्कळ ठिकाणी गंधकाचा वास येतो, कुजक्या अंड्याचा. आईंनी पहिल्या दिवशी त्याने भांडी धुवायला नकार दिला होता. तिथं 'स्कीर' म्हणून दह्याचा प्रकार मिळतो, तो चाखून त्या दोन मिनिटं गप्प होत्या. मग म्हणाल्या, "अगं हा चक्का आहे." साखर, वेलची, आणि आस्क्याजवळच्या द्रेकागिलच्या झोपडीपाशी चार अंश तापमानात श्रीखंड. (काटेकोर शाकाहारींनी डबा वाचून घ्यावा, काहींत रेनेट, म्हणजे वासराच्या पोटातलं विरजण, असतं.) रात्री कुकरची शिट्टी झाली तेव्हा शेजारच्या तंबूतून दोन डोकी बाहेर आली. ज्वालामुखीच्या मुलुखात अशी वाफ सुटली की लोक दचकतात, त्यांचं चुकलं नाही.

गुडघे: आस्क्याला वाहनतळापासून सरोवरापर्यंत अडीचेक किलोमीटर चालावं लागतं. सपाट आहे, पण जुलैतही बर्फाचे पट्टे होते. आई काठी घेऊन सावकाश चालल्या. सरोवर 220 मीटर खोल, आणि त्याच्या कडेला वीती नावाचं छोटं विवर, दुधाळ निळं पाणी. वीती म्हणजे नरक. आत उतरायची घसरडी वाट आहे, आम्ही उतरलो नाही.

सगळ्यात खूश चिरंजीव. 1965 आणि 1967 मध्ये नासाने चंद्रावर जाणाऱ्या अंतराळवीरांना खडक ओळखायला शिकवण्यासाठी याच भागात आणलं होतं, 67 च्या तुकडीत नील आर्मस्ट्राँग होता. हे कळल्यापासून तो दोन दिवस चंद्रावर चालल्यासारखा उड्या मारत चालत होता.

चकलीभाजणी

पण हे जागृत आहेत ना ग? आत असताना फुटलं तर?

रिकामटेकडा_रेक्याविक

जागृत आहेत. आस्क्याची जमीन 2021 पासून फुगतेय, त्यामुळे तिथं मोजणीयंत्रांची गर्दी आहे. 2014 च्या जुलैत सरोवराच्या कड्याचा मोठा भाग रात्री पाण्यात कोसळला आणि उंच लाटा काठावर चढल्या. दिवसा झालं असतं तर काठावर माणसं असती. त्याच वर्षी ऑगस्टअखेर जवळच होलुह्राउनला भेग पडून लाव्हा वाहायला लागला, तो थेट 2015 च्या फेब्रुवारीअखेर थांबला. पंच्याऐंशीएक चौरस किलोमीटर नवी जमीन झाली. त्या काळात तो सगळा भाग बंद होता. धोका वाढला तर त्या भागातल्या मोबाइलवर संदेश येतो, पण आत सगळीकडे रेंज नसते, म्हणून मुक्कामाच्या जागी रेंजरला आपला रस्ता सांगून निघायचं. 112 चं अॅप टाका.

कातळखडा

आस्क्याचा 1875 चा उद्रेक त्याहून वाईट. राख पूर्वेकडच्या शेतांवर पडली, गुरांना चारा राहिला नाही, आणि त्या भागातले पुष्कळ लोक उत्तर अमेरिकेला निघून गेले. गोधडींनी पाहिलेलं सरोवर त्याच उद्रेकानंतर जमीन खचून झालं आहे, म्हणजे दीडशे वर्षांचं तान्हं बाळ.

अवांतर: दक्षिणेकडच्या लाकीच्या भेगेतून 1783-84 मध्ये आठ महिने लाव्हा आणि विषारी वायू येत होते. गवतावर फ्लोरिन बसून जनावरं मेली, मग माणसं. देशाची साधारण पाचवा हिस्सा लोकसंख्या गेली. काही शास्त्रज्ञांनी संगणकावर गणित मांडून म्हटलंय की त्या धुरक्याने आफ्रिका आणि भारतातला मोसमी पाऊसही अशक्त झाला. उत्तर हिंदुस्थानातला चालिसा दुष्काळ त्याच सुमाराचा.

निवांतराव

सर, चालिसाचं खापर लाकीवर फोडू नका. पाऊस त्याआधीपासूनच बिघडला होता, एल निनोचं नाव घेतात.

कातळखडा

मान्य. 'सुमाराचा' म्हटलंय, 'मुळे' नाही. पुढचं लिहा हो गोधडी, नाहीतर हा धागा मी पळवीन.

गोधडी

आता नदी. हे लिहायला मी टाळाटाळ करत होते.

आस्क्याहून परत 1 नंबरच्या रस्त्याला लागून, मिवात्न सरोवरापाशी आंघोळी-कपडे उरकून, आम्ही एफ 26 धरला. स्प्रेंगिसांदुर. वात्नायोकुत्ल आणि होफ्सयोकुत्ल या दोन विशाल हिमनद्यांच्या मधून बेट उभं कापणारा जुना घोड्यांचा रस्ता. नावातच 'घोड्याला दम तुटेपर्यंत पळवणे' असा अर्थ आहे, कारण वाटेत चारा नाही. आता डिझेल नाही: उत्तरेच्या गोदाफॉसपासून दक्षिणेच्या ह्राउनेयारपर्यंत दोनशेहून जास्त किलोमीटर पंप नाही. आमच्याकडे वीस-वीस लिटरचे दोन कॅन होते.

संध्याकाळी साडेपाचला एका नदीपाशी आलो. नाव मुद्दाम देत नाही. हिमनदीच्या पाण्याचं पात्र आठवड्याला बदलतं, आणि कोणीतरी "गोधडी इथे अडकली, म्हणजे दुसरीकडून जमतं" असा हिशोब करेल.

तीन फाटे होते. पाणी सिमेंट कालवल्यासारखं करडं, तळ दिसत नाही. 'उथळ पाण्याला खळखळाट फार' ही म्हण आपण माणसांबद्दल वापरतो, पण ती मुळात नदी ओलांडणाऱ्याची आहे हे मला तिथं कळलं. जिथं पाणी रुंद पसरून खळखळतं तिथं गाडी घालायची. जिथं गुळगुळीत, शहाण्यासारखं वाहतं, तिथं खड्डा. नवरा छातीपर्यंतची रबरी विजार घालून काठी टेकत आत गेला, अंगाला दोर, दोराचं टोक माझ्या हातात. पहिले दोन फाटे गुडघ्याच्या खाली. तिसऱ्यात चार पावलं गेला, पाणी मांडीला आलं, आणि परत वळला. म्हणाला, पायाखालून दगड गडगडत जाताहेत, आवाज ऐकू येतोय.

नियम असा की चालत जाता येत नसेल तर गाडीही घालायची नाही. दुसरा नियम: हिमनदीला दिवसभराच्या उन्हाचं पाणी संध्याकाळी येतं, पहाटे सगळ्यात कमी असतं. म्हणून थांबायचं ठरलं. साडेसहाला मागून तीन अजस्र जीप आल्या, माणसाच्या कमरेएवढी चाकं. त्या पार झाल्या. त्यातला एक जण उतरून अगदी आपुलकीने म्हणाला, आमच्या मागोमाग या, काही झालं तर ओढून घेऊ. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. खरं सांगते, मी हो म्हणणार होते.

आई तोवर काठावर जाऊन आल्या होत्या. त्यांचं माहेर कृष्णेकाठचं. त्या म्हणाल्या, "हा उतार नाही. त्या लोकांचा असेल, आपला नाही." मग त्यांनी नारळाएवढा एक दगड उचलून पाण्याच्या अगदी कडेला, कोरड्यात ठेवला. पुराच्या दिवसांत त्यांचे वडील तसा ठेवायचे म्हणे, नदी चढतेय की उतरतेय ते कळायला. जीपवाल्याला मी हात हलवून निरोप दिला.

नऊला दगडाचा पाया ओला झाला होता. अकराला पाऊस लागला. जुलैत तिथं पूर्ण अंधार पडत नाही, त्यामुळे आम्ही पाळीपाळीने काचेतून तो दगड बघत बसलो. पहाटे चारला चिरंजीव म्हणाला, "आजी, तुझा दगड दिसत नाही."

परत फिरलो. शंभरेक किलोमीटर तीच पन्हळ.

बुलेटवाला_बाबू

राग मानू नका ताई, पण एवढा खर्च करून, फोर बाय फोर घेऊन, परत? आम्ही स्पितीत यापेक्षा मोठे नाले पार केलेत. ती मोठी जीप ओढायला तयार होती की. थोडी हिंमत लागते.

रिकामटेकडा_रेक्याविक

बाबूशेठ, स्पितीतही ड्रायव्हर लोक नाले सकाळी लवकर का गाठतात? तेच गणित. पहाटे कमी पाणी. यांच्या नशिबाने रात्री पाऊस लागला आणि गणित उलटलं.

आणि त्या चाकांची तुलना करू नका. अडतीस इंची टायरवाल्या गाडीला जी नदी गुडघाभर, ती पिकअपला बोनेटभर. इंजिनात हवेच्या वाटेने पाणी शिरलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, खेळ खल्लास. भाड्याच्या गाड्यांच्या करारात तर नदीत झालेलं नुकसान बहुतेक वेळा विम्याबाहेर असतं. बचाव पथकातले लोक स्वयंसेवक आहेत, नोकरी सोडून येतात. माझ्या ऑफिसातला एक आहे, जुलैत त्याची निम्मी रजा पर्यटक उपसण्यात जाते.

आता गोधडींना एक टोचणी: नदीकाठी रात्र काढलीत. कॅम्परने ठरलेल्या जागेबाहेर मुक्काम करायला इथे बंदी आहे.

गोधडी

टोचणी मान्य. छत उचललं नाही, झोपलोही नाही, खडीच्या रस्त्यावरच उभे होतो, पण पळवाट म्हणून सांगत नाही. मागच्या मुक्कामावर जाऊन पहाटे परत यायला हवं होतं. डिझेलचा हिशोब करून आळस केला.

बाबू, हिंमतीचं म्हणाल तर नवऱ्याने 'परत' म्हणायला घेतली तेवढी मी लग्नाच्या दिवशीही पाहिली नव्हती. आणि मागे बसलेल्या पोराला आणि आईंना पोहता येत नाही. (पोराला आता क्लास लावलाय.)

बुलेटवाला_बाबू

पोहायचं लक्षात आलं नाही. शब्द मागे.

पाऊसवेडी

तो दगड माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीये. आमच्या गावी ओढ्याला काठी रोवतात. मग पुढे कसे गेलात?

गोधडी

क्योलूरच्या रस्त्याने, 35 नंबर. तोही दोन हिमनद्यांच्या मधून जातो, पण आता त्यावर सगळीकडे पूल आहेत. सुरुवातीला आम्ही त्याला नाक मुरडलं होतं. मधोमध क्वेरावेत्लिर नावाचं गरम झऱ्यांचं ठिकाण: जमिनीतून फुसफुसणारी शिंपल्यासारखी पांढरी तोंडं, आणि एक दगडी कुंड. अठराव्या शतकातला फरारी एविंदुर आणि त्याची बायको हात्ला तिथं लपून राहिले होते, गरम झऱ्यात मांस शिजवून खात. आईंना आइसलँडच्या अख्ख्या इतिहासातली तीच दोघं आवडली. "पोलिसांना बरी नाही सापडली," एवढं म्हणून त्या पाय सोडून बसल्या. वज्रेश्वरीला गेल्याचं पुण्य इथंच मिळालं असंही म्हणाल्या.

त्याच रस्त्यावर एक हाडांची टेकडी आहे. 1780 च्या शरदात रेइनिस्तादुरचे दोन भाऊ आणि त्यांचे सोबती मेंढरांचा कळप घेऊन उत्तरेला निघाले आणि वादळात सगळे गेले. हाडं पुढे बरीच वर्षं तिथं दिसत. मी तिथं गाडी थांबवली नाही. आदल्या रात्रीनंतर नको वाटलं.

शेवटी लांदमन्नालॉयगर, उत्तरेकडून एफ 208 ने. तिथं खडक काळा नाही, रायोलाइट आहे: पिवळा, गुलाबी, हिरवट, जणू कोणी रांगोळीचे डबे सांडलेत. मुक्कामाच्या ऐन तोंडाशी दोन ओहोळ आहेत. लोक गाड्या घालून फोटो काढून घेतात. आम्ही अलीकडे गाडी लावली आणि पायपुलावरून चालत गेलो. उन्हाळ्यात तिथं गाडी लावायला आगाऊ नोंदणी लागते, ती विसरू नका. 1477 च्या लाव्ह्याच्या कडेतून गरम पाणी निघतं आणि थंड ओढ्यात मिसळतं, सरकत सरकत आपल्याला सोसेल ती जागा शोधायची. आईंनी नऊवारी खोचून गुडघ्यापर्यंत पाणी घेतलं. शेजारची फ्रेंच बाई लुगड्याचा काष्टा बघून नवऱ्याला काहीतरी सांगत होती, बहुधा असं काही तिच्यासाठी पण शिवून घे म्हणून.

चकलीभाजणी

फोटो!! लुगड्याचा तरी!

गोधडी

आईंनी बंदी घातलीय. दगडाचा आहे, पण त्यात नुसता दगड आहे.

निवांतराव

माझे तीन प्रश्न. रस्ता सोडून वाळूत गाडी घातली तर चालतं का, वाळवंटच आहे म्हणता म्हणून. दोन, इंधनाची कार्डं. तीन, गॅस.

रिकामटेकडा_रेक्याविक

एक: अजिबात नाही. जबर दंड आहे. वाळवंट दिसतं तिथंही चाकाची खूण वर्षानुवर्षं जात नाही, आणि शेवाळ तर एकदा उपटलं की भरून यायला कित्येक दशकं लागतात. खड्डा चुकवायला रस्त्याच्या कडेने जाणंही त्यातच येतं.

दोन: पंप बहुतेक बिनमाणसाचे. कार्डाला चार आकडी पिन हवाच. भारतातून येणाऱ्यांनी निघण्याआधी बँकेतून परदेशी वापर सुरू करून घ्यावा.

गोधडी

निवांतराव, गॅसचं जरा लांबड आहे. आमचे जर्मन सिलिंडर, त्यांचं तोंड वेगळं, आणि आम्ही शेवटचे तीन दिवस छोट्या डबीच्या शेगडीवर खिचडी केली. नीट लिहिते संध्याकाळी. आता पोराला पोहायला सोडायचंय.

निवांतराव

सावकाश लिहा. तोवर एकच सांगा, पाच लिटरचा कुकर नेला होता की तीनचा?

गोधडी

तीनचा. पाचचा आईंनी जहाजावर चढायच्या आधीच गाडीत शोधला होता, आणि तो मी घरी का ठेवला हे त्यांना अजून पटलेलं नाही.